तिसऱ्यांची शेवई

चांगलं इटालियन हॉटेल जवळपास कुठे आहे, हा प्रश्न २०२४ च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत मी इतक्या जणांना विचारला, की कवीमहाशयांना उतारवयात चंगळ सुचली अशी आमच्या मीरा रोडच्या मित्रमंडळात बोलवा झाली. मी स्वतः भात-कालवणाचा माणूस. पिझ्झा मुलांच्या वाढदिवसाला खाल्ला असेन, तोही त्यांच्या ताटातला उरलेला. पण हा शोध माझ्यासाठी नव्हता, अब्बांसाठी होता.

अब्बांचं वय तेव्हा त्र्याऐंशी. जन्म दाभोळच्या खाडीकाठचा. आमच्या त्या पट्ट्यात मुसलमानांच्या घरटी एक तरी माणूस जहाजावर असायचा. आमच्या घरातून अब्बा गेले. त्यांचा हुद्दा भंडारी. इथे भंडारी ही जात नव्हे; जहाजावर खलाशांसाठी रांधणाऱ्याला भंडारी म्हणायचे. साहेब लोकांचा स्वयंपाकी वेगळा, खलाशांचा भंडारी वेगळा. एकोणिसाव्या वर्षी भंडाऱ्याच्या हाताखालचा पोऱ्या म्हणून ते चढले आणि पुढची तीस वर्षं हलत्या फरशीवर उभे राहून लोकांना डाळ, भात, कालवण, चपाती घालत राहिले.

२०२२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला. हातपाय बचावले, पण जेवणावरची वासना उडाली. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. पंचाईत अशी, की ते काही मागतच नसत. दोन घास गिळायचे आणि ताट सरकवायचे. कालचं विसरायचे, पण साठ वर्षांपूर्वीचं बंदर कोणत्या अंगाने लागलं ते चोख सांगायचे. आणि एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "नापोलीत खाल्ली होती, ती तिसऱ्यांची शेवई खावीशी वाटते."

नापोली म्हणजे नेपल्स. इटलीचे लोक त्याला नापोली म्हणतात आणि खलाशीही तेच म्हणतात. साल १९६५. सुएझचा कालवा पुढे १९६७ च्या युद्धात बंद झाला तो थेट १९७५ मध्ये उघडला, पण तेव्हा तो चालू होता आणि मुंबईहून निघालेली जहाजं एडन, सुएझ करत भूमध्य समुद्रात शिरायची. माल उतरायला तीन दिवस लागले, तेव्हा थोरल्या भंडाऱ्याने या चोवीस वर्षांच्या पोराला बंदराजवळच्या एका गल्लीत जेवायला नेलं. भाषा कळत नव्हती. मटणाचा भरवसा नव्हता. दुकानाच्या दारात पाण्याच्या घमेल्यात तिसऱ्या ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवलं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. समुद्रातलं सगळं आम्हाला चालतं. आमचे हनफी मित्र तिसऱ्या-कुर्ल्यांकडे जरा संशयानेच बघतात, तो वाद आम्ही जेवण झाल्यावर घालतो. तर समोर आली शेवयांची थाळी आणि शेवयांत उघड्या तोंडाच्या तिसऱ्या. अब्बांना हसू आवरेना. शेवया आपण ईदला दुधात खातो आणि तिसऱ्या खोबऱ्यात. या दोघींचं लग्न लावून दिलं कुणी?

माझी पत्नी म्हणाली, "एवढंच ना? मी घरी करते." त्यावर अब्बा म्हणाले, "घरचं नको. हॉटेलात जायचं." का, ते दोन दिवसांनी सांगितलं. त्या दुकानात एका बाईने त्यांच्या गळ्यात फडका बांधला, त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि ते खातात का, हे बघत उभी राहिली. लहानपणी आईच्या हातचं खाल्लं तेवढंच. बाकी आयुष्यभर त्यांनी वाढलं. परक्या माणसाने त्यांना बसवून वाढण्याची ती पहिली वेळ होती.

दक्षिण मुंबईत मोठ्या हॉटेलांतून हे मिळालं असतं. पण तिथवर दीड-दोन तास गाडीत बसणं त्यांच्या कमरेला झेपण्यासारखं नव्हतं. म्हणजे हॉटेल हवं ते रिक्षाच्या टप्प्यात. दहिसर ते भाईंदर. फारच झालं तर बोरिवली.

शोधाला निघालो आणि पहिला धडा मिळाला तो असा, की आपल्या उपनगरांत इटालियन या शब्दाचा अर्थ अमेरिकन असा आहे. १९९६ मध्ये डॉमिनोज आणि पिझ्झा हट या दोन्ही अमेरिकी कंपन्यांची दुकानं भारतात उघडली, आणि इटलीचं जेवण आपल्याकडे अमेरिकेला वळसा घालून आलं. जाड पाव, त्यावर चीजचा थर, सोबत ओरेगॅनो आणि मिरचीच्या पुड्या. या पुड्या इटलीत टेबलावर ठेवत नाहीत. गार्लिक ब्रेडही लोणी फासलेल्या या रूपात अमेरिकेतल्या स्थलांतरितांचा. इटलीत भाजलेल्या पावाच्या कापावर लसणीची पाकळी घासतात, वर ऑलिव्हचं तेल सोडतात आणि त्याला ब्रुस्केत्ता म्हणतात.

मग पास्ता. मेन्यूकार्डावर तीन रंग: रेड सॉस, व्हाइट सॉस, पिंक सॉस. एका ठिकाणी मी वेटरला विचारलं, "पिंक म्हणजे काय?" तो म्हणाला, "रेड आणि व्हाइट मिक्स, सर." इतकं प्रामाणिक उत्तर मला साहित्यसंमेलनातही मिळालेलं नाही. व्हाइट सॉस म्हणजे मैदा लोण्यात परतून दूध घालून केलेला. तो इटलीत अजिबात नसतो असं नाही. बोलोन्याकडे लाझान्याच्या थरांत तो घालतात. पण शिजवलेल्या पास्त्यावर पिठल्यासारखा ओतत नाहीत. आल्फ्रेडो नावाने जे मिळतं त्याचीही गंमत आहे. आल्फ्रेडो दि लेलिओ हा रोममधला हॉटेलवाला. त्याच्या पास्त्यात लोणी आणि किसलेलं पार्मेझान चीज एवढंच असायचं. गरम शेवयांच्या वाफेत ते घुसळून घुसळून मऊसूत व्हायचं. १९२० नंतर अमेरिकेतले सिनेनट तिथे जेवायला जाऊ लागले, पदार्थाचं नाव अमेरिकेला गेलं आणि तिथे त्यात क्रीम पडलं. कार्बोनारात तर क्रीम घातलेलं रोमचा माणूस सहन करत नाही. अंडं, मेंढीच्या दुधाचं चीज, मिरी आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. शेवटच्या वस्तूमुळे तो पदार्थ आमच्या यादीतून आपोआपच बाद झाला.

यादी कशी करायची, हेही शिकावं लागलं. डुक्कर नावाने ओळखू येत नाही. पांचेत्ता, ग्वांचाले, प्रोश्युत्तो अशी सुरेल नावं धारण करून ते येतं. सॉसमध्ये वाइन असते. एका व्यवस्थापकाने "तापल्यावर ती उडून जाते" असं सांगितलं. सगळी उडत नाही, हे मला माहीत होतं. अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, त्यामुळे ते शुद्ध शाकाहारीही नव्हे, ही गोष्ट माझ्या एका जैन मित्राला मी सांगितली तेव्हा त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

जैन इटालियन हा आमच्या भागातला मोठा संप्रदाय आहे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. पूर्वी मी त्याला हसायचो. पण रोमचा काचो ए पेपे नावाचा पास्ता पाहिला आणि गप्प झालो. त्यात असतं फक्त चीज आणि मिरी. कांद्या-लसणीवाचून इटलीचा स्वयंपाक अडत नाही. अडतं ते दुसरीकडेच.

कुठे अडतं, ते सांगतो. बहुतेक हॉटेलांत पास्ता सकाळीच उकडून, तेल लावून, फ्रिजमध्ये ठेवलेला असतो. गिऱ्हाइकाने मागितला की तव्यावर सॉसमध्ये परतायचा. पाच मिनिटांत टेबलावर. पास्ता ताजा उकडायचा तर जातीप्रमाणे आठ ते बारा मिनिटं लागतात, तेवढा धीर ना मालकाला असतो, ना आपल्याला. शिवाय आपल्याला पदार्थ पूर्ण शिजलेला लागतो. भातात कणी राहिली तर आपण सुगरणीला नावं ठेवतो. इटलीत पास्त्यात कणी राहिली नाही तर ठेवतात. दाताला किंचित अडला पाहिजे, असा त्यांचा दंडक. आणि पाण्यात मीठ हवं. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि त्यात साधारण दहा ग्रॅम मीठ, हे तिथल्या घरोघरचं माप. आमच्याकडे मिठाशिवाय उकडतात आणि वरून खारट सॉस घालतात. मग शेवई अळणी राहते आणि जीभ खारट होते.

याचं मूळ गव्हातच आहे. पास्ता ज्या गव्हाचा होतो तो ड्युरम, म्हणजे आपला बन्सी. पिवळसर, काचेसारखा कडक, दळला की पीठ न होता रवा होणारा. बन्सी रवा हा शब्द आपल्या वाणसामानाच्या यादीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. इटलीत १९६७ मध्ये कायदाच झाला, की सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असला पाहिजे. मैद्याचा पास्ता उकळत्या पाण्यात गळतो आणि चिकट होतो. ड्युरमचा उभा राहतो. सातारा-सांगली-कोल्हापूरकडचा खपली गहू आहे ना, त्याचा भाऊबंद इटलीत फारो नावाने सूपात पडतो.

आणि पास्ता आपल्याला नवा आहे असं तरी का समजावं? रुखवतात मांडतात ते गव्हले, नखुले, बोटवे, मालत्या हे सगळे पास्तेच. नखाने दाबून केलेले नखुले आणि अंगठ्याने दाबून केलेल्या इटलीतल्या ओरेक्येत्ते शेजारी शेजारी ठेवले तर त्या सख्ख्या बहिणी वाटतील. ओरेक्येत्ते म्हणजे छोटे कान. स्पॅगेटी म्हणजे सुतळ्या, लिंग्विने म्हणजे छोट्या जिभा, फारफाल्ले म्हणजे फुलपाखरं आणि वर्मिचेल्ली म्हणजे चक्क अळ्या. ही नावं ठेवणाऱ्या बायांमध्ये कवी होत्या, असा माझा अंदाज आहे. आणि आमटीत सोडलेली वरणफळं? ती तर कुठल्याही इटालियन आजीने न सांगता ओळखावी.

मार्को पोलोने चीनमधून शेवया आणल्या, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ती खरी नाही. मार्को पोलो परतला १२९५ मध्ये आणि जेनोवातल्या १२७९ च्या एका मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या पिंपाची नोंद आहे. त्याच्याही आधीची नोंद माझ्या विशेष जिव्हाळ्याची. सिसिली बेटावर नॉर्मन राजा रॉजर दुसरा राज्य करत होता. त्याच्या दरबारी अल्-इद्रीसी नावाचा मुसलमान भूगोलपंडित होता. त्याने ११५४ मध्ये राजासाठी जगाचं वर्णन लिहून पुरं केलं, अरबीत. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाबद्दल तो लिहितो, की तिथे वाहत्या पाण्यावर गिरण्या आहेत आणि तिथे इत्रिया इतकी तयार होते, की मुसलमान आणि ख्रिस्ती अशा दोघांच्याही मुलखांत जहाजं भरभरून जाते. इत्रिया म्हणजे सुकवलेली शेवई. आजही इटलीच्या टाचेकडच्या भागात हरभऱ्यांबरोबर शिजवलेल्या पास्त्याच्या नावात त्रिया हा शब्द शिल्लक आहे. ओला पास्ता घरी खायचा, सुका पास्ता जहाजावर चढवायचा. खराब होत नाही, जागा कमी घेतो. हे वाचून मी अब्बांना सांगितलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "जहाजावर सुकंच टिकतं," एवढंच म्हणाले.

टोमॅटो त्या मानाने कालचा. तो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात आला आणि टोमॅटोच्या सॉसची इटलीतली पहिली छापील कृती सतराव्या शतकाच्या शेवटी नेपल्समध्येच आली. म्हणजे ज्या लाल सॉसला आपण अस्सल इटालियन म्हणतो, तो इटलीला जेमतेम सव्वातीनशे वर्षं माहीत आहे. अस्सल हा शब्द मला तसाही जपून वापरावासा वाटतो. मी बी. ए.ला मराठी घेतलं, मराठीत चार संग्रह काढले, तरी अजून कार्यक्रमानंतर एखादे गृहस्थ येऊन कौतुकाने म्हणतात, "तुमचं मराठी अगदी अस्सल वाटतं हो!" मी आभार मानतो. दुसरं काय करणार?

पिझ्झ्याविषयी थोडक्यात, कारण अब्बांना तो नको होता. नेपल्सचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत सव्वाचारशे-साडेचारशे अंशांच्या पुढच्या उष्णतेवर साठ ते नव्वद सेकंदांत भाजतात. तो कारागिरीचा वारसा म्हणून युनेस्कोने २०१७ मध्ये नोंदवला. आपल्याकडे तशा भट्ट्या होत्याच, पाववाल्यांच्या. भट्टी एकदा धरली की तिची भिंत रात्रभर ऊब सोडत नाही, हे आमच्या बेकरीवाल्या दोस्तांना शिकवायला नेपल्सला जावं लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा तशा स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश दिला. धूर छातीत जातो हे खरंच आहे. पावाचा वास जाईल याचं वाईट वाटतं, हेही खरं आहे. मोझरेलाची मात्र आपल्याला खंत नसावी: तिकडचं उत्तम मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं आणि म्हशी आपल्याकडे आरे कॉलनीपासून पुढे सगळीकडे आहेत.

तर आमचा शोध. आठ हॉटेलं झाली. मी प्रत्येक ठिकाणी एकच पदार्थ मागायचो. त्याचं नाव मी पाठ केलं होतं, स्पॅगेटी आल्ले वोंगोले. वोंगोले म्हणजे तिसऱ्या. एका ठिकाणी त्यांनी मला वांग्याचा पास्ता आणून दिला. दुसरीकडे "सी-फूड आहे" म्हणून कोळंबी आली, व्हाइट सॉसमध्ये बुडलेली आणि वर चीजचा किस. नेपल्समध्ये मासळीच्या पास्त्यावर चीज घालत नाहीत. मागितलं तर वेटर दुःखी होतो म्हणतात. आपणही पापलेटच्या कालवणात पनीर किसत नाही. तिसऱ्या ठिकाणी मालक माझ्यावरच वैतागला. "काका, या भागात शिंपल्या कोण खाणार? नव्वद टक्के गिऱ्हाईक व्हेज आहे." त्याचंही खरं होतं. उपनगरातलं हॉटेल गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून चालतं, नकाशाकडे बघून नव्हे. जागेचं भाडं थकलं तर नेपल्स काही मदतीला येत नाही.

तेवढ्यात या फेऱ्यांमधून मला चांगलं इटालियन हॉटेल ओळखायची एक खूण सापडली, ती फुकट सांगतो. मेन्यूकार्ड बघू नका. पास्ता मागवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत आला तर खा आणि निघा. पंधरा मिनिटं लागली आणि ताटात सॉसचं तळं नसून सॉस शेवईला चिकटलेला असला, तर तिथे पुन्हा जा. तो चिकटतो कसा? पास्ता दोन मिनिटं आधीच काढतात आणि उकळलेल्या पाण्यातलं पळीभर पाणी घालून सॉसमध्येच शिजवून संपवतात. त्या पाण्यात गव्हाची खळ उतरलेली असते; तेल आणि पाणी ती एकजीव करते. पेज टाकून न देणाऱ्या कोकणी माणसाला हे समजावून सांगायला नको.

नववं हॉटेल मीरा रोडलाच, आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर निघालं. सहा टेबलं, खाली मोबाइलचं दुकान. तिथे सतरा मिनिटं लागली. मी नुसता लसूण-मिरची-तेलाचा पास्ता मागवला होता, त्यात लपवायला काहीच नसतं. लसूण सोनेरी होती, काळी नव्हती. शेवईला कणी होती. मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन आत डोकावलो. पस्तिशीचा मुलगा, जतकडचा. सात वर्षं इटालियन कंपनीच्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात होता. कोरोनात बोट सुटली ती सुटली, मग हे दुकान काढलं. दुकान कसंबसं चाललेलं दिसत होतं. मी त्याला अब्बांची गोष्ट सांगितली. तो हात पुसत म्हणाला, "आजोबा गॅलीतले? मग करायलाच पाहिजे."

अटी दोन. दुपारी साडेतीनला यायचं, तेव्हा गर्दी नसते. आणि तिसऱ्या मी आणायच्या, कारण बोटीवर त्याने वोंगोले फक्त गोठवलेले हाताळले होते आणि जतमध्ये समुद्र नाही. वाइनचं काय, असं मी विचारलं. ती नकोच म्हणाला. तिसऱ्यांचंच पाणी आणि शेवटी लिंबू. पार्स्ली आहे. ती कोथिंबिरीची चुलत बहीण. तिच्याऐवजी कोथिंबीर घालू नका एवढं मी विनवलं, त्यावर त्याने माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी भाईंदरच्या बाजारात उत्तनच्या कोळणीकडून दोन वाटे घेतले. ती म्हणाली, "भाऊ, भरलेल्या हायेत." अब्बांनी इस्त्रीचा सदरा घातला. रिक्षावाल्याला सावकाश चालवायला सांगितलं. जिन्याच्या बारा पायऱ्या चढायला आम्हाला बराच वेळ लागला.

त्यांना खिडकीजवळ बसवलं. मुलाने रुमाल आणला आणि त्यांच्या गळ्यात बांधला. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. निदान सांगितल्याचं मला आठवत नाही. आतून आधी लसणीचा, मग समुद्राचा वास आला. तिसऱ्या झाकणाखाली तीन-चार मिनिटांत उघडतात. उघडत नाहीत त्या टाकायच्या. थाळी आली. अब्बांनी ती बघितली, फिरवली. उजवा हात थरथरतो म्हणून मी काटा धरायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. काट्याला शेवई गुंडाळायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. मुलगा आत गेला नाही. फडकं खांद्यावर टाकून भिंतीपाशी उभा राहिला, ते खातात का ते बघत.

अर्ध्याच्या वर थाळी त्यांनी संपवली. दोन वर्षांत एका बैठकीत इतकं खाताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. शिंपा एकीत एक अडकवून ताटाच्या कडेला रचत होते, जशा आम्ही लहानपणी रचायचो. मग म्हणाले, "भंडारी कोण?"

मुलगा पुढे आला.

"लसूण जळली नाही," अब्बा म्हणाले. "लिंबू शेवटी पिळलास, ते बरोबर. शेवई कुठली?"

मुलाने पाकीट आणून दाखवलं. अब्बांनी ते उलटसुलट करून बघितलं. अक्षरं त्यांना आता दिसत नाहीत. मग कितीजणांचं एका वेळी काढतोस, गॅस किती शेगड्यांचा, बोटीवर किती माणसं होतीस, असा दोघांचा संवाद सुरू झाला. मी मध्ये नव्हतोच. बोटीवर तीन हजार प्रवासी असायचे हे ऐकून अब्बा थोडे खट्टू झाले. त्यांच्या जहाजावर सत्तर खलाशी होते.

उठताना ते म्हणाले, "एक सांगू? दोन ठिकाणी दाताखाली रेती आली. तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या असतात. त्या स्वतःच थुंकतात रेती."

"चुकलं, आजोबा," मुलगा म्हणाला.

तिसऱ्या मी भिजवल्या होत्या. जेमतेम तासभर. मी रुमालाची गाठ सोडवत राहिलो. बिल द्यायला मी पाकीट काढलं, तर अब्बांनी सदऱ्याच्या खिशातून पाचशेची नोट काढून टेबलावर ठेवली आणि उरलेले परत घ्यायला नकार दिला.

त्यानंतर आम्ही तिथे दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिसऱ्या आदल्या रात्रीच भिजवल्या.